बटणाखालची गाठ

ज्या वर्षी माझ्या आणि दोरिंदाच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली आणि तरी आम्ही गावाला जेवण घातलं नाही, त्या वर्षाची ही गोष्ट. जेवण ठरलं होतं, कोकरूसुद्धा सांगून ठेवलं होतं. पण आदल्या आठवड्यात आमची मुलगी ग्रासिएते दोन बॅगा आणि अडीच वर्षांची पोर घेऊन सेतुबालहून कायमची घरी आली. तिचा नवरा लक्झेंबर्गला कामाला गेला होता आणि दोन महिन्यांपासून त्याचा फोन नव्हता. अशा घरात कोकरू कोण कापणार? हे दोन हजार पंधराच्या एप्रिलमधलं. त्या उन्हाळ्यात सोललेल्या झाडांवर मी पाचाचा आकडा घातला.

आमच्याकडे ओकची साल काढतात, बाटल्यांची बुचं करतात ती. एका झाडाला दोन माणसं, दोन कुऱ्हाडी. साल निघाली की उघड्या खोडावर पांढऱ्या रंगाने त्या वर्षाचा शेवटचा आकडा घालायचा, म्हणजे पुढची नऊ वर्षं त्या झाडाला कोणी हात लावत नाही. मी तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा होतो. कुऱ्हाड ठेवून दिली होती, पण आकडे घालायला मुकादम मला अजून बोलवायचा. आकडे मला लहानपणापासून येत होते. अक्षरं मात्र मी एकोणसाठाव्या वर्षी शिकलो, ग्रामकचेरीतल्या संध्याकाळच्या वर्गात, दोन हिवाळे बसून.

पोरीचं नाव व्हियोलेता. जन्मताना तिचा श्वास अडकला होता. त्यामुळे पाय ताठ राहिले आणि उजवा हात मुठीत वळलेला. मान धरायची, हसायची, सगळं समजायचं, पण बोलत नव्हती आणि बसवली तिथेच बसून राहायची. ती आली त्या दिवशी मी तिला डाव्या कडेवर घेतलं, आणि मग उतरवलीच नाही म्हटलं तरी चालेल. कोंबड्यांकडे, विहिरीवर, तोर्कातोच्या कॅफेत, जिथे मी तिथे ती. डाव्या हाताने ती माझी कॉलर पकडायची. अशी पकडायची की माझ्या सगळ्या शर्टांची कॉलर एका बाजूला ताणून लोंबायला लागली. दोरिंदा कुरकुरायची, पण मी एकही कॉलर शिवू दिली नाही.

तोर्कातो कॅफेच्या दारातून ओरडायचा, "आला बघा, दोन डोक्यांचा बेल्शियोर!"

मला ते ऐकायला आवडायचं. त्यातही फिर्मिनो तिथे बसलेला असताना जास्त आवडायचं.

फिर्मिनो माझा धाकटा भाऊ. तो लहानपणी छातीने अशक्त होता. मी सातव्या वर्षी डुकरं राखायला गेलो, आणि तो रानात टिकणार नाही म्हणून आईबापाने त्याला शाळेत घातलं. चार इयत्ता शिकला. पुढे धट्टाकट्टा झाला, माझ्या जोडीने तीन उन्हाळे साल काढली, आणि विसाव्या वर्षी फ्रान्सला निघून गेला. तिथे मोटारीच्या कारखान्यात त्याने चाळीस वर्षं काढली. परत आला तो पेन्शन घेऊन, आणि निळ्या फरशांचं घर बांधून. त्याच्या गॅरेजच्या भिंतीवर प्रत्येक हत्याराची जागा रंगाने आखलेली होती. पक्कड कोणी उचलली तर भिंतीवर पकडीची सावली उरायची. कॅफेत तो वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा आणि लोक ऐकायचे. मीही वाचू शकत होतो तोपर्यंत. पण मी ओठ हलवत वाचतो, आणि मला कोणी वाच म्हणत नसे.

त्याला मूलबाळ नव्हतं. त्याची बायको फ्रेंच होती, ती तिकडेच वारली. मी मनात एवढाच हिशेब मांडून ठेवला होता की त्याला शाळा मिळाली आणि मला पोरं मिळाली. व्हियोलेता कडेवर असली की तो हिशेब माझ्या बाजूने झुकायचा. चांगला माणूस असं काही मांडत नाही, हे मला माहीत आहे. मी मांडलं होतं.

दर शुक्रवारी शहरातून सुझाना नावाची एक तरुण फिजिओ यायची आणि व्हियोलेताचा व्यायाम घ्यायची. जूनमध्ये एक दिवस ती म्हणाली, "आजोबा, हिला कडेवर घेणं कमी करा."

"का? माझी पाठ मजबूत आहे."

"तुमच्या पाठीचं नाही बोलत मी. तीन वर्षांची पोरं दिवसभर काय करतात? इकडे पळ, तिकडे पळ, हे ओढ, ते पाड. त्यातूनच डोकं चालायला लागतं. हिला जिथे जायचंय तिथे ही कधीच गेलेली नाही. तुम्हाला जायचं असतं तिथे जाते."

मग तिने फोनवर चित्रं दाखवली. मुलांच्या बसून चालवायच्या बॅटरीच्या गाड्या असतात ना, तशा गाड्या. पायाने दाबायचं काढून टाकून स्टिअरिंगच्या चाकावर बशीएवढं मोठं बटण बसवलेलं. मूल पडू नये म्हणून भोवती प्लंबरच्या नळ्यांचा कठडा, नळ्यांना पोहायला शिकणाऱ्या पोरांसाठी असतो तो फोम गुंडाळलेला. बटण दाबलं की गाडी चालते, सोडलं की थांबते.

"या विकत मिळत नाहीत," सुझाना म्हणाली. "करून घ्याव्या लागतात. विजेचं जाणणारं कोणी आहे का गावात?"

दोरिंदा लगेच म्हणाली, "आहे की! फिर्मिनो आहे!"

मी पोरीला घेऊन कोंबड्यांकडे निघून गेलो.

त्याने तीन आठवड्यांत गाडी केली. लाल रंगाची. सेर्पा गावातल्या कोणा घरातली जुनी मिळवली, तिचं पोट उघडलं, वेग निम्म्यावर आणला. सुझाना दोनदा त्याच्या गॅरेजमध्ये जाऊन माप सांगून आली. तिने सांगितलं की बटण उजवीकडे हवं, आणि थोडं लांब. व्हियोलेताचा उजवा हात वळलेला, म्हणून त्याच हाताने दाबायला लावायचं. मला हे कळलं तेव्हा मी गॅरेजमध्ये गेलो.

"चांगला हात डावा आहे तिचा," मी म्हणालो. "बटण डावीकडे लाव."

"डावा चालतोच, मानो. त्याला काय शिकवायचं?" लहानपणापासून तो मला मानो म्हणतो, म्हणजे भाऊ. "सुझाना म्हणते, कष्ट पडले पाहिजेत."

"पोरीला कष्ट पडले पाहिजेत? कष्ट कशाला म्हणतात ते तुला कधीपासून कळायला लागलं?"

त्याने पेचकस भिंतीवर त्याच्या सावलीत टांगला. मग म्हणाला, "पाठीला टेकायला सालीचा एक तक्ता दे ना. तरुण खोडाचा, आपोआप गोल वळलेला असतो तसला. तिच्या पाठीला बरोबर बसेल. प्लास्टिकने घाम येतो."

माझ्या शेडमध्ये तसला तक्ता होता, अगदी हवा तसा.

"नाही माझ्याकडे," मी म्हणालो. "सगळी गेली."

त्याने प्लास्टिकचा लावला.

जुलैच्या पहिल्या रविवारी मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सुटल्यावर समोरच्या चौकात गाडी आणली. सगळा गाव होता. ग्रासिएतेने पोरीला आत बसवून पट्टा लावला. फिर्मिनो समोर दहा पावलांवर जाऊन उभा राहिला. मी त्याच्यापासून चार पावलांवर, सावलीत. मला वाटलं होतं की ती रडेल, आणि मी तिला उचलेन.

ती रडली नाही. तिने बटणाकडे पाहिलं. उजवा हात हळूहळू निघाला. कोपर आधी, मग मनगट, मग ती मूठ. मुठीसकट हात बटणावर पडला आणि गाडी हिसका देऊन पुढे गेली. तिने घाबरून हात काढला. गाडी थांबली. मग तिने पुन्हा हात टाकला.

ती सरळ फिर्मिनोकडे गेली. गाडीचं पुढचं चाक त्याच्या बुटाला लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ग्रासिएते रडायला लागली.

"परत!" मी म्हणालो. "मला बघू दे." गाडी मीच वळवून मागे नेली, आणि या वेळी मी मधोमध उभा राहिलो. फिर्मिनोला बाजूला व्हायला सांगितलं. गुडघ्यावर बसून दोन्ही हात पसरले. "ये माझ्या राणी. आजोबाकडे ये."

तिने माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं हसली. मग डाव्या हाताने स्टिअरिंग फिरवलं, कोणी शिकवलं नव्हतं तरी, आणि माझ्या शेजारून फिर्मिनोकडे गेली.

"बेल्शियोर!" तोर्कातो ओरडला. "पळाली रे तुझी! दारूच्या तोंडाने मुका घेतला होतास की काय?"

सगळे हसले. मीही हसलो. माझे हात तसेच पसरलेले होते. ते कुठे ठेवावे मला कळेना.

त्यानंतर रोज संध्याकाळी ऊन उतरलं की फिर्मिनो आमच्या अंगणात यायचा. गाडी आमच्याच शेडमध्ये असायची. तो फाटकात दिसला की ती पाय ताठ करून किंचाळायची. मी तिच्यासाठी जसा वाकायचो तसा तो वाकतही नसे. नुसता उभा राहायचा, खिशात हात घालून, आणि ती त्याच्याकडे जायची. मग तो लिंबाच्या झाडाखाली जायचा, ती तिथे जायची. मग विहिरीपाशी. मी पायरीवर बसून बघायचो. गाडीतून काढून कडेवर घेतली की ती पाठीची कमान करायची आणि गाडीकडे हात करायची, उजवा हात. त्या हाताने ती आता चमचाही पकडायला लागली होती. घरात सगळ्यांना आनंद झाला होता आणि मला अन्न गोड लागत नव्हतं.

एका संध्याकाळी मी दोरिंदाला म्हणालो, "तो तिला काहीतरी देत असणार. चोरून साखर वगैरे."

"साखर!" दोरिंदा वाटाणे सोलत होती. "अरे, तू तिच्याकडे स्वतःच जातोस. हुं केलं की धावतोस. तिने तुझ्याकडे यायचं कशाला? तो येत नाही, म्हणून ती जाते."

"म्हणजे मी प्रेम करतो ही माझी चूक?"

"मी एवढंच म्हटलं की तो येत नाही."

ऑगस्टच्या मध्यावर फिर्मिनो आठवडाभरासाठी लिस्बनला गेला. डोळे तपासायचे आहेत म्हणाला. जाताना मला सांगून गेला, "बॅटरी रात्री लावून ठेवत जा. आणि रोज चालवा. एकही दिवस चुकवू नका, सुझाना म्हणते."

सोमवारी दुपारी सगळे झोपले होते. मी शेडमध्ये गेलो. खरं सांगायचं तर मी काय करणार हे मला सकाळपासून माहीत होतं. स्टिअरिंगच्या खालच्या पोकळीत त्याने तारा एकत्र आवळून प्लास्टिकच्या पट्टीने बांधल्या होत्या, त्याच्या गॅरेजसारख्याच नीट. मी चाकूने पट्टी कापली. बटणाला जाणारी तार शोधली. तिच्या टोकाला पितळी टोपी होती, बटणाच्या पत्तीवर बसवलेली. ओढली आणि निघाली. लोंबत्या तारा दिसू नयेत म्हणून दोरीचा तुकडा घेऊन पुन्हा आवळून बांधल्या. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नसतील.

संध्याकाळी तिला गाडीत बसवली. तिने दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. तिने बटणाकडे पाहिलं, मग चाकाकडे, मग माझ्याकडे.

"बॅटरी गेली वाटतं," मी ग्रासिएतेला म्हणालो. "फिर्मिनो आल्याशिवाय काही होणार नाही."

त्या दिवशी तिने किती वेळा दाबलं ते मी मोजलं नाही, पण पुष्कळ. मूठ लाल झाली. शेवटी मी तिला उचललं, कॅफेत नेलं, आणि तोर्कातो म्हणाला, "अरे, परत दोन डोकी!" त्या रात्री मला चांगली झोप लागली.

मंगळवारी ती रडत रडत दाबत होती. बुधवारी चार-पाचदा दाबलं, तेही उगाच टोचल्यासारखं. गुरुवारी तिला गाडीत बसवली तेव्हा हात मांडीवर पडून राहिला. तिने बटणाकडे बघितलंसुद्धा नाही. समोर बघत बसली, कोणी उचलेल म्हणून. मी उचललं. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. विहिरीकडे चालताना माझ्या लक्षात आलं की तिने माझी कॉलर धरलेली नाही. डोकं खांद्यावर टाकलं होतं आणि दोन्ही हात खाली लोंबत होते. मी तिचा डावा हात उचलून कॉलरला लावला. तो घसरला.

शुक्रवारी सुझाना आली. तिने चमचा समोर धरला. व्हियोलेताने तोंड उघडलं, हात उचलला नाही.

"काय झालं?" सुझाना म्हणाली. "मागच्या शुक्रवारी तर स्वतः घेत होती."

"गाडी बंद पडलीय सोमवारपासून," ग्रासिएते म्हणाली.

सुझानाने चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "बंदच ठेवायची होती तर तिला त्यात बसवायचं नव्हतं. हात टाकला की काहीतरी होतं, हे कळायला तिला तीन वर्षं लागली. हात टाकून काही होत नाही हे कळायला चार दिवस पुरे होतात. आणि एकदा हे कळलं की मुलं परत लवकर हात टाकत नाहीत. काही कधीच टाकत नाहीत." तिने हे कोणावर आरोप म्हणून म्हटलं नव्हतं. मी भिंतीकडे बघत होतो.

ती गेल्या गेल्या मी शेडमध्ये जाऊन टोपी पत्तीवर बसवली, तारा पुन्हा आवळल्या. "चालू झाली!" असं ओरडत गाडी अंगणात आणली. पोरीला बसवलं. तिने हात उचलला नाही. मी तिचा हात धरून बटणावर ठेवला, गाडी दोन हात पुढे गेली. तिने हात काढून घेतला आणि मान वळवली. मी समोर उभा राहिलो. तिला आवडतं ते मारिया बिस्कीट दाखवलं, गुडघ्यावर बसलो, कोंबडीसारखा आवाज केला. ती माझ्याकडे बघून वाट बघत राहिली. मी बिस्कीट घेऊन तिच्यापर्यंत जाणार हे तिला ठाऊक होतं.

शनिवारी फिर्मिनो आला. थकलेला दिसत होता, चेहरा पिवळट. आल्या आल्या त्याने गाडी उलटी केली आणि स्टिअरिंगखाली हात घातला. दोरिंदा आणि ग्रासिएते शेजारी उभ्या होत्या. त्याचा हात आत थांबला. त्याने वाकून पाहिलं, बराच वेळ.

"काय झालं होतं?" ग्रासिएतेने विचारलं.

"काही नाही. एक तार सैल झाली असेल." त्याने हात पुसले. "मानो, जरा गॅरेजमध्ये ये. तुझ्याशी काम आहे."

गॅरेजमध्ये गेल्यावर त्याने दार लावून घेतलं.

"दोन वेढे," तो म्हणाला, "आणि टोक खालून आत. एका ओढीत सुटणारी. ही आपल्या बापाची गाठ आहे. खेचराच्या पाठीवर सालीचं ओझं बांधायची. ही गाठ घालणारी दोनच माणसं जिवंत आहेत, आणि त्यातला एक लिस्बनला होता."

माझ्या हाताने ती गाठ कधी घातली हे मला आठवतही नव्हतं. दोरी हातात आली की माझे हात तीच घालतात.

"पोरीवर?" तो म्हणाला. "माझ्यावर राग होता तर माझं डोकं फोडायचंस. पोरीच्या हातावर?"

"तू तिला माझ्यापासून तोडलंस."

"मी खिशात हात घालून उभा होतो!"

"तेच! तुला काहीच करावं लागत नाही. कधीच लागलं नाही. मी डुकरांमागे आणि तू पाटी घेऊन. मी उन्हात झाडावर आणि तू पगारी. माझ्याकडे एकच गोष्ट होती जी तुझ्याकडे नव्हती."

"मी सहा वर्षांचा होतो, बेल्शियोर! मला शाळेत घातलं तेव्हा सहा वर्षांचा होतो मी! त्याची शिक्षा अजून किती वर्षं देणार आहेस?" त्याला खोकला आला. तो बाकावर बसला. "जा. आता ती तुझ्याच कडेवर आहे. हेच हवं होतं ना? सांभाळ. मी येत नाही."

आणि तो आला नाही. दोन आठवडे फाटकात दिसला नाही. मी त्याला ओळखत होतो. आमच्या घराण्यातलं हट्टी हाड त्याच्यातही होतं.

त्या दोन आठवड्यांत मी रोज प्रयत्न केला. बटण पिवळं रंगवलं. बटणावर तिचं बाहुलं बांधलं. ग्रासिएते समोर उभी राहिली, दोरिंदा राहिली, शेजारचा कुत्रा बसवला. ती बसून राहायची, शहाण्यासारखी, त्रास न देणारी. दुसऱ्या शुक्रवारी सुझानाने तिची उजवी मूठ उघडायचा प्रयत्न केला, तर ती पहिल्यापेक्षाही घट्ट झालेली. सुझानाने वहीत काहीतरी लिहिलं. ओठ हलवत का होईना, मला समोर बसून उलटं वाचता येतं. लिहिलं होतं, पुढाकार नाही.

मी शेडमध्ये गेलो. तो तक्ता खाली काढला. तरुण खोडाचा, गोल वळलेला. दोन दिवस त्याला तासत बसलो, पोरीच्या पाठीच्या मापाने, कडा घासून गुळगुळीत केल्या. मग तो बगलेत मारून रविवारी मिसानंतर तोर्कातोच्या कॅफेत गेलो. सगळे होते. फिर्मिनो खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत होता, मोठ्याने. पाऊस नाही, धरण आटलं, असलं काहीतरी.

मी त्याच्या टेबलापाशी उभा राहिलो. त्याने वाचणं थांबवलं नाही.

"फिर्मिनो, घरी ये."

"धरणातली पातळी," तो वाचत होता, "गेल्या दहा वर्षांत—"

"ती माझ्यासाठी हात उचलत नाही," मी म्हणालो.

"मोठ्याने बोल. मला कमी ऐकू येतं."

त्याला चांगलं ऐकू येत होतं. तोर्कातोने फडकं खाली ठेवलं. मी तक्ता टेबलावर ठेवला.

"ती माझ्यासाठी हात उचलत नाही," मी मोठ्याने म्हणालो. "तुझ्यासाठी उचलेल. तार मी काढली होती. बॅटरी गेली नव्हती. ती तुझ्याकडे जाते हे मला बघवत नव्हतं. आता तरी ये."

तोर्कातोलाही थट्टा सुचली नाही, असं आधी कधी झालं नव्हतं. फिर्मिनोने तक्त्याच्या आतल्या बाजूवरून हात फिरवला.

"सगळी गेली म्हणाला होतास," तो म्हणाला.

"खोटं बोललो."

त्याने वर्तमानपत्राची घडी घातली.

घरी आलो तेव्हा दोरिंदा दारातच होती. कॅफेतली बातमी आमच्याआधी पोहोचली होती. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "मला माहीत होतं. बॅटरी गेली म्हणालास आणि गाडीचा भोंगा वाजत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, दोन दिवसांत लाज वाटेल तुला." मग हळू आवाजात म्हणाली, "चुकलंच माझं. चार दिवस थांबायला नको होतं."

फिर्मिनोने प्लास्टिकचा तक्ता काढून सालीचा बसवला. बांधायला त्याने दोरी घेतली आणि बापाची गाठ घातली, माझ्याकडे न बघता. पोरीला बसवलं, पट्टा लावला. तो लिंबाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला, खिशात हात घालून. मी समोर जायला निघालो.

"तू मागे," तो म्हणाला. "गाडीच्या मागे राहा. तिला तू दिसता कामा नयेस. तू दिसलास की ती थांबते."

मी मागे गेलो. मला तिचं डोकं दिसत होतं, केसांतला भोवरा, आणि माझ्या हाताने तासलेली साल. फिर्मिनो हलत नव्हता. बोलावत नव्हता, बिस्कीट दाखवत नव्हता. कितीतरी वेळ गेला. चर्चच्या घंटेचा अर्ध्या तासाचा टोला झाला. ग्रासिएतेने तोंडावर हात धरला होता. उन्हात माझ्या गुडघ्यातून कळ येत होती आणि मनात एकच चाललं होतं, की तिने उचलावा. आणि त्याच्याच खाली, अगदी खाली, हेही चाललं होतं की त्याच्यासाठी उचलू नये. दोन्ही चाललं होतं. दुसरं बंद करायचा मी प्रयत्न करत होतो आणि ते बंद होत नव्हतं.

तिचं उजवं कोपर सालीपासून सुटलं.

मग मनगट. मग मूठ. मूठ पिवळ्या बटणावर पडली आणि गाडी हिसका देऊन निघाली. तिने घाबरून हात काढला. थांबली. तिने वर पाहिलं, फिर्मिनोकडे, आणि पुन्हा टाकला. मी मागे मागे चालत होतो, तीन पावलांवर, वाकून, तिला मी दिसू नये म्हणून लपल्यासारखा. ती त्याच्या बुटापर्यंत गेली. किंचाळली. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

त्या शरद ऋतूत आणि पुढच्या उन्हाळ्यात माझी जागा तीच राहिली, गाडीच्या मागे. फाटक उघडणं, चाकाखालचे दगड काढणं, उतारावर धरून ठेवणं. ती त्याच्याकडे जायची, मी तिला तिथपर्यंत पोहोचू द्यायचो. मला ते कधी आवडलं असं मी म्हणणार नाही. पुढच्या मे महिन्यात तिने उजव्या हाताने चमचा तोंडापर्यंत नेला आणि सप्टेंबरमध्ये पहिला शब्द बोलली. तो शब्द 'मिनो' होता. माझं नाव तिला म्हणायला अवघड आहे, असं सगळे मला समजावत होते.

लिस्बनला तो डोळे तपासायला गेला नव्हता. पोटात गाठ आहे हे त्याला त्या ऑगस्टमध्येच कळलं होतं, आणि त्याने ते कोणालाही सांगितलं नाही. मला तर नाहीच.

माझा भाऊ फिर्मिनो नऊ नोव्हेंबर दोन हजार सोळा रोजी, बुधवारी सकाळी, स्वतःच्या घरी वारला. तो सदुसष्ट वर्षांचा होता.